एका चपलेची झुमरी

तापीच्या काठी बुऱ्हाणपूर, बुऱ्हाणपुरात राजपुरा आणि राजपुऱ्यात आमचं घर. त्या घरात राहायची एक म्हातारी सरुबाई, तिचा मुलगा अरविंद, सून मनीषा, नातू स्वप्निल आणि नातसून पल्लवी. सरुबाई म्हणजे मीच. आणि एक होती कोकिळा, माझी धाकटी लेक. ती राहायची असं म्हणता येत नाही, कारण सातवं पुरं व्हायच्या आधीच ती गेली. पण ती राहत नव्हती, असंही मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही. का, ते सांगते. जरा दिव्याकडे सरक.

एके दिवशी मी निघाले होते कापड विणायच्या लूमवर चिंध्या आणायला. स्वप्निलनं फर्मान सोडलं होतं, "आजी, लूमवर जाशील तर काठाच्या पट्ट्या आण ना. निळ्या पाहिजेत. भोंपू मास्तरचा कोट शिवायचाय."

"मास्तर केवढा?"

"तुझ्या अर्ध्या बोटाएवढा."

"मग कोट कशाला, नाडी गुंडाळ."

आमचा स्वप्निल शाळेत शिकवतो, दाढी-मिशीचा बाप्या माणूस, पण शाळा सुटली की खेळण्यांत बसतो. ठोकळे जोडायच्या खेळात ती चौकोनी माणसं येतात ना, डोकं डबीसारखं, पंजा असा वाकडा की कायम चहाचा कप धरलाय, तसली. तो ती कोरी करतो. नखांचा रंग काढायचं पाणी कापसाला लावायचं, कारखान्यातून छापून आलेलं तोंड पुसायचं, मग लांबी, म्हणजे ती पुट्टी, मळून नाक लावायचं, वेण्या लावायच्या, आणि चार केसांच्या ब्रशनं नवं तोंड काढायचं. श्वाससुद्धा धरून. त्याला तो 'कस्टम करणं' म्हणतो. मी म्हणते, पाचवीला पुजलेलं तोंड पुसून दुसरं देणं.

ही माणसं कुठली, तर जुन्या कार्टूनमधली. अरविंद पोरगा होता तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं, काळं-पांढरं. बँडवाला भोंपू मास्तर, त्याची जाडी बायको, लाडू नावाचा कुत्रा, आणि मागून धावत येणारी, कायम उशीर झालेली झुमरी. बापानं सांगितलेल्या गोष्टींवर स्वप्निल वाढला. त्याला ती सगळी मंडळी काचेच्या कपाटात उभी करायची होती, बापाच्या पन्नाशीच्या आत.

तेव्हा टीव्ही फक्त शेजारच्या निर्मलाबाईकडे होता. रविवारी मी कोकिळेचं डोकं शिकेकाईनं धुवायचे. ती ओल्या केसांनी, हाताला लागेल ती एक चप्पल पायात सरकवून पळायची. चट् थप, चट् थप. एक पाय चपलेचा, एक अनवाणी. "अगं दुसरी घाल!" म्हणेपर्यंत गल्ली पार. मग एका श्रावणात तिला ताप आला. समोरचा दात नुकताच पडला होता, नवा यायचा होता. तो काही आला नाही. तिचा फोटो आम्ही कधी काढला नव्हता. एक लाल चप्पल घरात राहिली. दुसरी शोध शोध शोधली, कुठंच मिळाली नाही.

तर स्वप्निलची सगळी मंडळी झाली, अडली ती झुमरी. दोन वेण्या लावल्या, फ्रॉक रंगवला, दोन्ही पायांत लाल चपला रंगवल्या. पण तोंड काही मिळेना. मोबाईलवर शोधायचा, नुसते धुरकट ठिपके. बापाला विचारलं, तर त्याला पाहिलेलं आठवायचं, सांगता यायचं नाही.

"आजी, कशी हसायची गं ती?"

"मी कुठं पाहिली रे. मी तेव्हा भाकरी थापत होते. जिनं पाहिली तिला विचारायला हवं होतं."

तो काढायचा आणि पुसायचा. शेवटी झुमरी तशीच ठेवून दिली, पिवळी, गुळगुळीत, बिनतोंडाची. मला ती बघवत नसे. येता-जाता मी तिला भिंतीकडे वळवून ठेवायचे.

तेवढ्यात पल्लवीला दिवस भरायच्या फार आधीच कळा लागल्या. याआधी तिचे दोन गर्भ गळून गेलेले. या वेळी पोरगी झाली, जिवंत झाली, पण ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरांनी काचेच्या पेटीत ठेवली. "वजन राहू दे," डॉक्टरीण म्हणाली, "आधी तिनं दूध ओढायला पाहिजे." पोरगी काही दूध ओढेना. पल्लवी पेटीला हात लावून बसलेली, बाप आणि आजा दवाखान्याच्या ओट्यावर. वाटायच्या दराब्याची, आमच्या इथल्या मिठाईची, ऑर्डर अरविंदनं दिली होती, ती हळूच थांबवली.

आणि आली पाचवी.

आमच्यात पाचवी चुकवत नाहीत. पाटा भिंतीला टेकवायचा, हळदीकुंकू, दिवा, कोरा कागद आणि पेन ठेवायचं. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. मला अक्षर येत नाही, पण तिचं लिहिलेलं शिकलेल्यांनाही वाचता येत नाही, तेव्हा तिथं आम्ही सगळे सारखेच.

दिवेलागणीला मनीषानं सगळं मांडलं आणि रडायलाच लागली. "माय, पोरगी तिथं पेटीत. ही इथं कुणाच्या कपाळावर लिहिणार?"

खरंच होतं. दुपट्याची घडी मोकळी पडलेली. मोकळी जागा ठेवायची नसते. मी इकडे तिकडे पाहिलं, स्वप्निलच्या टेबलावर ती भिंतीकडे तोंड करून उभी. अर्ध्या बोटाचं लेकरू, कपाळ कोरं. मी उचलली आणि दुपट्यावर निजवली.

"माय! हे प्लास्टिकचं काय करू राह्यल्या? तोंडसुद्धा नाही तिला!"

"म्हणून तर. लिहायला जागा आहे."

तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं. कोरं तोंड उघड्यावर ठेवलं की लिहायला कोण येईल, हे आपल्या हातात राहत नाही, एवढं काही सुचलं नाही.

मनीषा दवाखान्यात द्यायचा डबा भरायला आत गेली. मी पाट्यासमोर बसले. आणि लाईट गेली.

राजपुऱ्यात लाईट जाणं म्हणजे नुसता अंधार नव्हे. इथं लूमचा खडखडाट इतका सवयीचा, की तो चालू असतो हे कळतच नाही. तो थांबला की कळतं. सगळ्या गल्ल्यांचे लूम एकदम गप्प झाले. कानात दडा बसल्यासारखं झालं. दिव्याची वात तेवढी कुरकुरत होती.

मग खालून, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून…

चट्.

थप.

मला वाटलं, मांजर. मांजराला चप्पल नसते.

चट्… थप… चट्… थप…

कुणीतरी घाईनं यावं, पण उशीर झाला म्हणून कोणी रागावेल की काय असं भीत भीत यावं, तसं. उंबऱ्याशी थांबलं. वारा नव्हता, पण दिव्याची ज्योत दाराकडे झुकली आणि तशीच राहिली. खोलीत नखांच्या रंगाच्या पाण्याचा उग्र वास असायचा नेहमी. तो गेला. ओल्या केसांचा आणि शिकेकाईचा वास आला. खरं सांगते, त्याच क्षणी माझ्या छातीत दूध दाटल्यासारखं झालं. या वयात.

सटवाई लिहीत असताना वर पाहायचं नसतं. मी ज्योतीवर डोळे रोखून बसले.

"कोण…?" मी म्हटलं.

फक्त श्वास. लहान पोर जीभ बाहेर काढून, मन लावून चित्र काढतं तेव्हा नाकातून जसा फूं फूं श्वास येतो, तसा. माझ्या गुडघ्यापासून वितीवर.

"दुसरी… दुसरी घाल गं," माझ्या तोंडून निघून गेलं.

श्वास थांबला. मग कोणीतरी हसलं. पडलेल्या दातातून हवा जाते ना, तसं, सुस् करून.

आणि लाईट आली. एकेक लूम खडखडत सुरू झाला. मनीषा डबा घेऊन बाहेर आली, दुपट्याकडे पाहिलं आणि डबा तिच्या हातातून सुटला.

झुमरीला तोंड आलं होतं.

एक डोळा मोठा, एक बारीक. गालभर हसू. आणि समोरच्या दातांत एक काळी फट.

"माय… हे तुम्ही…?"

"मला रेघ तरी ओढता येते का गं?"

तेवढ्यात मनीषाचा फोन वाजला. पल्लवी होती. नुसती हुंदके देत होती, आम्ही दोघी हबकलो. मग शब्द फुटले. "मम्मी… ओढू राहिली! आत्ताच. नर्स पण म्हणाली, कोणी शिकवल्यासारखी ओढू राहिली!"

दुसऱ्या दिवशी स्वप्निल कपडे न्यायला आला. भिंगाच्या दिव्याखाली झुमरीला धरून कितीतरी वेळ बसला. त्याचे रंग कपाटात, झाकणं घट्ट, ब्रश कोरडे.

"आजी, हे ब्रशचं काम नाही. बोटानं काढलंय. हे बघ, गालावर ठसा. लहान बोटाचा आहे." मग त्यानं तिला उलटं केलं. "आणि ही चप्पल? डाव्या पायाचा रंग कुठं गेला?"

एका पायात लाल चप्पल. दुसरा पिवळा, अनवाणी.

अरविंद मागून येऊन उभा होता. त्यानं भिंग घेतलं आणि परत दिलं. "ही झुमरी नाही रे," तो म्हणाला. "मी पाहिलंय ना झुमरीला. ही कोकी आहे." आणि एवढा मोठा माणूस माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

पोरगी घरी आली. नाव ठेवलं स्नेहल. गल्लीभर दराबा वाटला. मंडळी काचेच्या कपाटात उभी राहिली, मास्तर, जाडी बायको, लाडू, आणि सगळ्यांच्या मागे एका चपलेची झुमरी. स्वप्निलनं तो पाय पुन्हा रंगवायला घेतला होता, मी हात धरला. "असू दे. तिला घाई असते."

बोलायला मी हसून बोलले. पण तेव्हापासून एक किडा माझ्या डोक्यात शिरला, तो निघेना. त्या संध्याकाळी माझ्या नातीच्या नावानं कोरं कपाळ ठेवलेलं, आणि त्यावर लिहून गेली कोकिळा. लेकरू ते, त्याला काय ठाऊक लिहायचं? त्याला स्वतःचंच येत असणार. चेहरा स्वतःचा दिला. मग आयुष्य? तेही तेवढंच दिलं असलं तर?

कोणाला बोलले नाही. स्नेहल वाढत गेली, तसतशी मी वाळत गेले. पोरीला सातवं सरत आलं. श्रावण लागला. एका सकाळी ती आरशासमोरून ओरडली, "पणजी, देख! दात गिर गया!" समोरचा. मी हसले, आणि मोरीत जाऊन भिंत धरून उभी राहिले.

त्याच आठवड्यात तिला ताप आला.

डॉक्टर म्हणाले, साधा आहे. कोकिळेच्या वेळीही साधाच होता. दुपारी अंग तव्यासारखं. पल्लवी पट्ट्या बदलत होती. मी उठले, कपाट उघडलं, झुमरीला मुठीत घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन बसले. मोठ्यानं नाही, पण बोलले. "कोके, तू दिलंस ते तुला येत होतं तेवढं दिलंस. रागावत नाही मी. पण पुढचं लिही बाई. तुला माहीत नसलं तरी लिही. दात आला असता, शाळेत गेली असतीस, भांडली असतीस माझ्याशी… ते सगळं लिही. मी सांगते, तू काढ."

आणि मी सांगत बसले. तिची न झालेली शाळा, न झालेलं लग्न, न झालेली पोरं, सासूशी भांडणं, पांढरे केस. सगळं. मनीषा म्हणते मी दुपारभर पुटपुटत होते. मधेच लाईट गेली, लूम थांबले. मी थांबले नाही. शिकेकाईचा वास आला आणि बराच वेळ राहिला.

लूम पुन्हा सुरू झाले तेव्हा पल्लवी म्हणाली, "आजी, घाम आला बघा हिला." ताप उतरला होता. संध्याकाळी पोरगी उठून केळीचे वेफर्स मागायला लागली.

आता तिला सात पूर्ण होऊन गेली. नवा दात आला, जरा वाकडाच आला, पण आला. पल्लवी पहिल्यासारख्या शिकवण्या घेते, अरविंद नातीला शाळेत सोडतो, घर कसं हसतं-भांडतं आहे. वाढदिवसाला स्वप्निलनं कपाटाची धूळ पुसायला मंडळी बाहेर काढली आणि मला हाक मारली. "आजी, तू रंगवलंस?"

झुमरीच्या दोन्ही पायांत लाल चपला होत्या.

मी रंगवल्या नाहीत. त्यानं रंगवल्या नाहीत. मी तिला कपाटात सगळ्यांच्या पुढं उभी केली. पोहोचली बिचारी एकदाची.

फक्त स्नेहलची लाल चप्पल, डाव्या पायाची, त्या दिवसापासून घरात कुठंच सापडत नाही. नवीन आणून दिली तर घालत नाही. एकाच चपलेत घरभर पळते. लूम थांबले की जिन्यावर ऐकू येतं, चट् थप, चट् थप. मी हातातलं काम टाकून बघायला जाते.

बहुतेक वेळा तीच असते.