वाटीत दिसणारं नख

२७०० लिटर

कोडं असं आहे. टॉवेलांची एक फेरी धुवायला नऊशे लिटर पाणी लागतं. फेऱ्या पाच. पाणी सत्तावीसशे लिटर. पाच वाजेपर्यंत पाचही फेऱ्या धुऊन झाल्या नाहीत, तर कारखान्याचा पाइप कापला जाईल.

स्वरूपानं भागाकार केला. उत्तर तीन आलं. पुन्हा केला. तीनच.

साल २०७४. सोलापूरच्या कडेला टॉवेल रंगवणारे बारा कारखाने होते. तलावात पाण्यापेक्षा चिखल जास्त झाला आणि अकरा कारखान्यांचे पाइप कापले गेले. स्वरूपाच्या वर्गात आता नऊ मुलं होती. हा बारावा कारखाना बंद झाला की ती आणि अम्मा सुरतेला मावशीकडे जाणार होत्या. ताता येणार नव्हते. (ताता म्हणजे आजोबा. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात.) "मी इथंच बसेन," ते म्हणाले होते. कुठं, कशावर, ते सांगितलं नव्हतं.

पाणी मोजायला पाणी खात्याचा एक यंत्रमानव आला होता. गुडघ्याएवढी पेटी, तीन चाकं, एक डोळा. कामगार त्याला जावई म्हणत.

"काम शून्य, पण मान द्यावा लागतो," कामगारांतले राजेशमकाका म्हणाले.

"मला मान नोंदवता येत नाही," जावई म्हणाला. "पाणी नोंदवता येतं."

१८०० लिटर

पहिली फेरी झाली.

रंगवलेला टॉवेल तीन हौदांतून जातो. पहिल्यात बराचसा सुटा रंग निघतो, दुसऱ्यात उरलेला, तिसऱ्यात शेवटचा. प्रत्येक हौदात तीनशे लिटर ताजं पाणी. मग ताता टॉवेल पांढऱ्या वाटीत पिळतात आणि त्या पाण्यात अंगठा बुडवतात. नख स्वच्छ दिसलं तर टॉवेल पास.

ही वाटी तातांची. चाळीस वर्षांत बाराही कारखान्यांचे मास्तर त्यांच्या हाताखाली शिकले होते. नियम एकच होता: प्रत्येक फेरीला, प्रत्येक हौदात नवं पाणी.

"हौद अर्धेच भरले तर?" स्वरूपानं विचारलं.

"काल तेच केलं," अम्मा म्हणाली. "वाटीत नख दिसेना. सगळा माल परत आला."

तिनं तिन्ही हौदांची बुचं ओढली. नऊशे लिटर पाणी नाल्यात गेलं. सुरुवातीला लाल, मग गुलाबी, आणि शेवटी जवळजवळ पाण्यासारखं पाणी.

स्वरूपा त्या शेवटच्या पाण्याकडे बघत राहिली.

९०० लिटर

दुसरी फेरी झाली. आता एकाच फेरीपुरतं पाणी उरलं होतं. राजेशमकाकांनी डबा उघडला, बघितलं, आणि न खाता बंद केला. अम्मा बुचाकडे वाकली.

"अम्मा, थांब. घरी आपण भांडी कशी धुतो?"

"आत्ता भांड्यांचं काय?"

"तीन घमेल्यांत धुतो. तिसऱ्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात ओततो. दुसऱ्यातलं पहिल्यात. पहिल्यातलंच फक्त फेकतो. मग इथं तिन्ही का फेकतो?"

घरी पाणी हंड्यानं यायचं, कारखान्यात पाइपनं. एवढाच फरक होता, आणि तो कुणालाच दिसला नव्हता.

"वापरलेल्या पाण्यात टॉवेल?" ताता म्हणाले. "मळक्या पाण्यानं काय धुतलं जातं?"

उत्तर जावयानं दिलं. "रंग जास्त असतो तिथून कमी असतो तिकडे जातो. पाणी अगदी स्वच्छ असायची गरज नाही. ते टॉवेलपेक्षा स्वच्छ असलं की पुरे. सगळ्यात मळका टॉवेल सगळ्यात जुन्या पाण्यात, सगळ्यात स्वच्छ टॉवेल ताज्या पाण्यात. टॉवेल पुढे जातो, पाणी मागे येतं. याला प्रतिप्रवाह म्हणतात. (प्रति म्हणजे उलट.)"

"तुला माहीत होतं?" अम्माचा आवाज बारीक झाला. "अकरा पाइप कापलेस तू."

"मला कुणी विचारलं नाही. माझं काम मोजण्याचं."

६०० लिटर

पहिल्या हौदाचं लाल पाणी तेवढं सोडलं. दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात. ताजं पाणी फक्त तिसऱ्यात: तीनशे लिटर. तिसरी फेरी आत गेली.

वाटी. अंगठा. नख दिसत होतं, पण गुलाबी.

"नापास," ताता म्हणाले.

"टॉवेल एका हौदातून दुसऱ्यात जाताना आधीचं पाणी सोबत घेऊन जातो," जावई म्हणाला. यावेळी स्वरूपानं विचारलं होतं.

"मग मधे घट्ट पिळू या. आणि जास्त वेळ घुसळू."

पाणी वाचवायचं तर त्याची जागा वेळ आणि हात यांनी भरावी लागते. टॉवेल पुन्हा त्याच हौदांतून काढले. राजेशमकाका पिळता पिळता म्हणाले, "सासऱ्याची मान समजून पिळतोय." हसलं कुणीच नाही, पण पिळायला सगळे आले.

नख स्वच्छ दिसलं.

३०० लिटर

चौथी फेरी. अम्माच्या तळहाताची साल निघाली. तिनं चिंधी बांधली.

० लिटर

पाचवी फेरी पाचला सात मिनिटं असताना झाली. तातांनी वाटी स्वरूपापुढे धरली, आणि अंगठा तिनं बुडवला. नख दिसलं.

"पाइप राहील," जावई म्हणाला. "एका फेरीला तीनशे पुरतात, असं नोंदवलं. उद्यापासून तुमचा वाटा पंधराशे."

"बघा," राजेशमकाका म्हणाले. "वाचवलं की वाटा कमी."

"उरलेले बाराशे?" स्वरूपानं विचारलं.

"तलावात राहतील."

ताता नाल्याच्या कडेला बसले होते. नाल्याचा तळ किती लाल झाला आहे ते आजवर त्यांनी पाहिलंच नव्हतं. "चाळीस वर्षं मी वाटीत बघितलं," ते म्हणाले. "इथं बघितलं नाही. आणि बारा जणांना तसंच शिकवलं."

स्वरूपा जावयाकडे वळली. "कापलेला पाइप परत जोडता येतो?"

"अर्ज आला तर. कमी पाण्यात काम करून दाखवावं लागतं."

"किती अर्ज आले?"

"एकही नाही."

ताता नाल्याच्या कडेवरून उठले. मग त्यांनी हात पुढे केला. "फोन दे. पाइप कापल्यावर भूमय्या भिवंडीला गेलाय म्हणतात."

घंटी वाजत राहिली. कुणीतरी उचलला.

"भूमय्या, मी नरसय्या. तुला मी एक गोष्ट चुकीची शिकवली. कागद घे, लिही. हौद तीन..."