बर्फाखालचा तिसरा बीप

व्रोनीच्या बाबतीत घडलं ते मी ऐकलं तसं सांगतेय. पटलं नाही तरी चालेल, पण मनचं समजू नका. ती आमच्या समोरच्याच घरात राहते.

ऑस्ट्रियाच्या तिरोलमधली आमची दरी. फेब्रुवारी, फाशिंगच्या सणाचा गुरुवार. गावात मुखवटे घातलेली माणसं घंटा वाजवत फिरत होती. व्रोनी, तिचा नवरा कोर्बिनियान आणि त्याची बहीण रेसी स्कीवर डोंगर चढायला निघाले. तान्हा क्साव्हर आजीकडे होता. बाळंतपणानंतरची व्रोनीची ही पहिलीच चढाई.

"आज हिमस्खलनाचा इशारा तीनचा आहे रे," व्रोनी म्हणाली. पाचापैकी तीन.

"तीनला घाबरून घरी बसलो, तर एप्रिलपर्यंत सणाचे गोड क्रापफेनच तळत बसू," कोर्बिनियान हसला. "तू तर खायला सुरुवात केलेलीच दिसतेय."

"तूच जन्माला घाल पुढचं, मग बोल!"

वर जाण्याआधीची नेहमीची तपासणी झाली. प्रत्येकाच्या छातीवरचं यंत्र सतत बीप पाठवतं. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं, तर बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधावर टाकायचं आणि त्या आवाजामागे जायचं. कोर्बिनियानने आपलं शोधावर टाकलं. दोघी एकेक करून त्याच्या समोरून गेल्या.

यंत्राच्या पडद्यावर दोन बीप यायला हवे होते.

तीन आले…

"व्रोनी, पोटात दुसरं राहिलं की काय गं?" रेसी म्हणाली.

सगळे हसले. "थंडीने बावचळलंय," म्हणत कोर्बिनियानने यंत्र पुन्हा पाठवण्यावर टाकलं.

परत तपासूया, असं व्रोनीच्या ओठांवर आलं होतं.

ती बोलली नाही.

दुपारी धुकं उतरलं. गावातल्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या. उतार उभा होता, म्हणून एकेकानेच जायचं ठरलं. कोर्बिनियान पुढे गेला.

आणि पायाखाली… धप्प.

तळघरात जड पोतं पडावं तसा आवाज. वाऱ्याने रचलेला वरचा कडक थर खालच्या साखरेसारख्या भुसभुशीत बर्फावरून सुटला.

क्षणापूर्वी कोर्बिनियान तिथे होता. आता तो उतारच तिथे नव्हता.

"शोधावर टाक!" रेसी किंचाळली.

दोघींनी यंत्रं फिरवली. आता एकच बीप यायला हवा होता.

दोन आले…

"रेसी, तुझं अजून पाठवतंय!"

"नाही गं! हे बघ ना!"

जवळचा आधी शोधायचा, हेच शिकवलेलं. जवळचा बीप अगदी खणखणीत होता. दोघी वेड्यासारख्या खणत सुटल्या. "आलो रे, आलो! दम धर!"

फावडं एकदम आत गेलं.

पोकळी.

रिकामी…

आत बर्फाचा गुळगुळीत पापुद्रा धरला होता. गाडलेल्या माणसाच्या तोंडासमोर श्वासाने धरतो, तसाच. व्रोनीने हातमोजा काढून हात लावला.

कोमट.

आणि पोकळी फार लहान होती. पाळण्याएवढी.

बीप तिथूनच येत होता. अजूनही. व्रोनी नुसत्या हातांनी उकरत राहिली. "कुठे आहेस? अरे, कुठे आहेस?" रेसीने तिला दंडाला धरून ओढलं. "सोड ते! माझा भाऊ खाली आहे!"

कोर्बिनियान खाली सापडला. त्याच्या तोंडावर बर्फाचा जाड मुखवटा होता. जाड म्हणजे तो बराच वेळ श्वास घेत होता. आमच्याकडे पोरासोरांनाही हे कळतं. रेसी त्याची छाती दाबत राहिली, पण त्याचा श्वास परत आला नाही. धुक्यात कुठेतरी वर मदतीला बोलावलेलं हेलिकॉप्टर घिरट्या घालत राहिलं. त्याला उतरता आलं नाही.

वरच्या खड्ड्यातला बीप तेवढा वेळ चालूच होता…

नंतर बचाव पथकाने ती जागा पार खालपर्यंत खणली. काही नव्हतं. त्यांच्या यंत्रांना काही ऐकूही आलं नाही.

परवा सकाळी व्रोनीने मला हाक मारली. वरच्या मजल्यावर क्साव्हर झोपला होता. पाळण्याशेजारच्या खिडकीच्या काचेवर बर्फाचा छोटासा गोल पापुद्रा धरला होता. गुळगुळीत. तिने नखाने खरवडला.

निघेना.

पापुद्रा काचेच्या बाहेरच्या बाजूला होता…

"त्या खड्ड्यातल्याला तिथेच सोडून आले ना गं मी," ती हळूच म्हणाली.

मी तडक घरी आले. माझ्याही लेकाचा पाळणा खिडकीशीच आहे…

होता. त्याच सकाळी मी तो आतल्या भिंतीशी ओढला.