सड्यावरचे एकेचाळीस खुंटे

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत एका दुपारी तुळसाची एसटी चुकली आणि ती सड्यावरच्या, गावामागच्या उघड्या कातळपठारावरच्या पायवाटेने घरी निघाली. कट्टा गावच्या शाळेत ती शिक्षिका होती. पण भर दुपारी सडा एकटीने ओलांडू नये, हे ती अक्षरं शिकायच्या आधीच शिकली होती.

पाखरूसुद्धा नव्हतं. देवाच्या राईच्या कडेला एक तरुण मात्र जमिनीत खुंटे ठोकत होता.

“हयसर काय करतास तुम्ही?”

तो दचकला. “घरं मांडतोय. मी गुरुदास, नगररचना खात्यातला. आणि आपण… माणूसच ना?”

“पाय बघा माझे. सुलटे आसत.”

त्याने खरंच पाहिले… जरा जास्तच वेळ.

मग तुळसाची एसटी रोजच चुकू लागली. गुरुदास शिरोड्याचा, पण बोलायचा पुस्तकी मराठी; ती त्याला त्यावरून चिडवायची. एकदा त्याने लाजत आपली वही उघडली. सरकारी आराखड्यात नवी वसाहत सडाभर पसरली होती आणि तिच्यासाठी राई तुटणार होती. वहीत तीच घरं खाली, बाजाराला लागून, दाटीने बसली होती.

“वस्ती लांबलचक पसरली की मीठ आणायलाही गाडी लागते,” तो म्हणाला. “जितक्या गाड्या तितका धूर. आणि तो धूर गिळणारी झाडं आपणच तोडायची! खाली बांधलं तर माणसं चालत फिरतील. पण साहेब म्हणतात, वर जमीन मोकळी आहे.”

“मोकळी?” राईकडे बघत तुळसा हळूच म्हणाली. “राईत रवणाऱ्या राखणदार देवान आयकला तर?”

शनिवारी संध्याकाळी तिला राहवलं नाही. राईतले खुंटे उपटून तिने कडेबाहेर ठोकले. शेवटचा ठोकताना ती पुटपुटली, “अकरा…”

मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, “बारा.”

ती धावत सुटली, ती घर येईपर्यंत थांबली नाही.

सोमवारी सड्यावर एकही खुंटा नव्हता. एकेचाळीसच्या एकेचाळीस खाली बाजाराजवळ उभे होते, अगदी वहीतल्यासारखे.

गुरुदासचा चेहरा पांढराफटक पडला होता. “ही वही मी फक्त तुम्हाला दाखवली होती.”

“अकरा मीच काढले,” ती म्हणाली. “पण ते राईच्या भायर, थंयच ठोकले. सप्पथ!”

“मग खाली कोणी नेले?”

वारा नव्हता. तरीही राईतली एक फांदी सावकाश वर उचलली गेली, जसं तिच्यावर बसलेलं कोणी उठून गेलं असावं.

“उद्या साहेब पाहणीला येतायत,” तो म्हणाला. “तुमचं नाव सांगितलं तर माझी नोकरी वाचेल.” मग त्याने वही मिटली. “पण सांगूचंय नाय.”

पहिल्यांदाच तो आपल्या भाषेत बोलला होता. तुळसाचे डोळे भरून आले.

साहेब आले. ‘खुंटे माझ्या आराखड्याप्रमाणे आहेत,’ असं लिहून गुरुदासने सही केली. साहेब भडकले, पण खालची विहीर त्यांनी पाहिली, बाजार पावलांनी मोजला आणि कुरकुरत जागा मंजूर केली. राई वाचली. परस्पर काम केल्याबद्दल गुरुदासची मात्र भंडाऱ्याला बदली झाली.

निघायच्या आदल्या दिवशी दोघं राईपाशी भेटली.

“तुळसा… भंडाऱ्यात दर्या नाय. मासळी नाय. तू… येतलंस?”

“बाबांका येवन इचारा. आजच.”

“आणि तुका?”

“माका अजून इचारूक व्हया?”

दोघं खाली चालू लागली. थोड्या वेळाने मागून तिसरी पावलं वाजू लागली; ही दोघं थांबली की थांबायची, निघाली की निघायची. गुरुदास वळणार, इतक्यात तुळसाने त्याचा हात घट्ट धरला.

“मागे बघू नको,” ती म्हणाली. ‘नका’ म्हणायचं ती विसरूनच गेली होती.

उतार संपला, पावलं थांबली. बाजार आला, मासे विकणाऱ्या बायका कोयते थांबवून बघू लागल्या… पण तिने हात सोडला नाही.