तुम्हाला काय वाटतं?

समुपदेशक बाईंच्या खोलीतली खुर्ची सुतारकामाच्या नव्या सरांनी न विचारता दुरुस्त केली, आणि दोघांची ओळख भांडणानेच झाली.

सरांनी केलं होतं ते चांगुलपणानेच. शाळेत रुजू होऊन त्यांना जेमतेम दोन दिवस झाले होते. जिन्याजवळची खोली उघडी दिसली, आत एक खुर्ची लंगडत होती, आणि असं काही दिसलं की त्यांच्या हातांना राहवत नसे. बाई डबा खाऊन परत आल्या तेव्हा हा उंच, केसांत भुसा माखलेला माणूस गुडघे टेकून खुर्चीच्या पायाशी पाचर ठोकत होता.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. डुगडुगत होती."

"डुगडुगू दे म्हणूनच ठेवली होती मी."

मग बाईंनी जरा तणतणतच समजावलं. या खोलीत येणाऱ्या मुलांच्या तोंडून शब्द फुटत नाही. खुर्ची डुलवायला मिळाली की त्यांचं लक्ष तिच्यात जातं, आणि डुलता डुलता ती बोलू लागतात. सर ऐकत राहिले. मग त्यांनी पाचर उपटली, खुर्ची हलवून पाहिली, आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "एवढी पुरे... की अजून थोडी मोडू?"

बाईंना हसू आवरेना. रागावलेलं असताना हसू येणं फार वाईट, कारण मग रागाला कोणी विचारत नाही.

बाईंचं काम तसं अवघड. सातवी संपताना प्रत्येक मुलाला आठवीसाठी एक जादा विषय निवडायचा असे: सुतारकाम, संगीत, संगणक, नाहीतर दुसरी भाषा. एवढ्याशा गोष्टीवरून घराघरांत रणं माजत. आई एक म्हणे, बाबा दुसरं, जिवलग मैत्रीण तिसरंच, आणि मुलाच्या पोटात दुखू लागे. ते पोट घेऊन मूल बाईंकडे येई. बाई कधीच सल्ला देत नसत. आपल्या मनातलं मुलाच्या गळी उतरवायचं नाही, हा त्यांचा पक्का नेम होता. मूल विचारी, "मी काय घेऊ?" बाई विचारत, "तुला काय वाटतं?" मग गप्प बसून वाट पाहत. शिक्षकांच्या खोलीत यावरून त्यांची भरपूर थट्टा चाले. बाईंना वेळ विचारली तर त्या म्हणतील, तुम्हाला किती वाजलेत असं वाटतं, असं गणिताचे सर म्हणत.

रंधासर (सुतारकामाच्या सरांना पोरांनी ठेवलेलं नाव) मात्र त्यावर हसत नसत. शाळा सुटली की बाईंचे पाय आपोआप कार्यशाळेच्या वाटेने वळू लागले. तिथे ताज्या लाकडाचा गोडसर वास असे, खिडकीतून उन्हाचा पट्टा येई आणि त्यात भुसा तरंगत राही. सर चहा ओतत. कप देताना बोटांना बोटं लागली की दोघंही घाईघाईने शाळेच्या घंटेविषयी वगैरे बोलत.

"तुम्ही रोज इकडून जाता. फाटक तर त्या बाजूला आहे," सर एकदा म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं, का जात असेन?"

"मला वाटतं... चहा बरा होत असावा."

"चहा अगदीच पांचट असतो," असं म्हणून बाईंनी कप पुढे केला.

बाईंच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते. धाकटी बहीण लग्न होऊन लांब गेली होती. दिवसा शेजारच्या मावशी लक्ष देत, बाकी सगळं बाईंवर. एका रविवारी सर घरी आले आणि वडिलांना टेकून बसता येईल अशी उतरती फळी बसवून गेले. वडिलांना फारसं बोलता येत नसे. त्यांनी सरांचा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईंचा तेव्हा निकाल लागला. त्या आकंठ प्रेमात बुडाल्या होत्या.

आणि त्याच महिन्यात संस्थेने सांगितलं की पुरेशा मुलांनी सुतारकाम घेतलं नाही, तर तो विषय बंद होईल. कार्यशाळेत संगणक येतील. सरांची नोकरी जाईल हे वेगळं सांगायला नको होतं.

पोरांनीच चंग बांधला. मधल्या सुट्टीत एकमेकांना शपथा घातल्या गेल्या, सातवीतली पोरं पटापट सुतारकामाकडे वळली. बाईंचा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांनी सर त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. मुंगीला तुमच्याकडे पाठवतो, म्हणाले. मुंगी म्हणजे सातवीतली बारकीशी, सतत काहीतरी करत राहणारी मुलगी.

"ओळखीच्या तासाला लाकडाला हात लावला की तिचं तोंड उतरतं. मी विचारलं तर मला बरं वाटेल असंच बोलेल. तुम्ही विचारा."

"मी काय विचारणार, माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्हणून तर पाठवतोय."

मुंगी आली. खुर्ची डुलवत तिने सांगितलं की हल्ली डबा जात नाही. तिला दुसरी भाषा शिकायची होती, तिचे शब्द ती अंघोळ करताना मोठ्याने म्हणे. पण शपथ घेतली होती. "मी नाही म्हटलं तर बाकीच्या पण नाही म्हणतील. मग सर जातील ना, बाई?"

एक वर्ष सुतारकाम केलंस तर काय बिघडतं, हे वाक्य अगदी बाईंच्या ओठांवर आलं होतं. किती सोपं होतं ते! मुलगी ऐकणारी होती, कोणाला काही कळलंही नसतं. बाईंनी ते वाक्य गिळलं. मग म्हणाल्या, "सरांची काळजी मोठी माणसं करतील. तू तुझं सांग. तुला काय वाटतं?"

मुंगी हमसून हमसून रडली, आणि दुसऱ्या भाषेच्या यादीत नाव घालून आली. तिच्या मागोमाग आणखी कितीतरी जणी सुटल्यासारख्या आपापल्या वाटेने गेल्या. पुढच्या वर्षीपासून सुतारकाम बंद करायचं ठरलं. सरांनी बाईंना दोष दिला नाही. तिने डबा खाल्ला का, एवढंच विचारलं.

वर्षाच्या शेवटी, आवराआवर चाललेल्या कार्यशाळेत, सर हातातली पटाशी पुसत म्हणाले की दूरच्या एका शाळेतून बोलावणं आलंय. करार तीन वर्षांचा. नाहीतर इथेच मित्राच्या दुकानात कपाटं करायची. उद्या सकाळपर्यंत कळवायचंय.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच नजर न चुकवता बाईंकडे पाहिलं.

थांबा, असं बाईंना म्हणायचं होतं. दुसरं काहीच म्हणायचं नव्हतं. पण हा माणूस मुलांशिवाय कोमेजून जाईल. माझ्या एका शब्दावर थांबेल आणि उद्या कपाटं ठोकताना मनातून कुढेल. इतकी वर्षं मुलांसाठी जपलेला नेम ऐन वेळी आडवा आला, आणि बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला... काय वाटतं?"

सर मान हलवून पुन्हा पटाशी पुसू लागले.

रात्रभर बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी वडिलांना भरवून त्या जवळजवळ धावतच शाळेत आल्या. कार्यशाळा रिकामी झाली होती. सर दाराशी पिशवीची दोरी आवळत होते.

"नका जाऊ," बाई म्हणाल्या. "मला तुम्ही हवे आहात. काल हेच सांगायचं होतं."

सरांनी डोळे मिटून घेतले. होकार तासाभरापूर्वीच कळवून झाला होता. तिकडे मुलांची नावं नोंदवून झाली होती, आणि मुलांना दिलेला शब्द मोडणारा हा माणूस नव्हता. तुम्ही चला माझ्याबरोबर, हे त्यांनी म्हटलंच नाही. अंथरुणावरचे वडील दोघांनाही दिसत होते.

"मी सल्ला मागत नव्हतो हो," सर म्हणाले. "तुमचं मन विचारत होतो."

"कळलं मला. काल तुम्ही फाटकाबाहेर पडलात तेव्हाच कळलं."

त्यांनी बाईंच्या गालावर हात ठेवला. तळवा खरखरीत होता आणि ऊबदार होता. मग ते गेले, आणि बाई फाटकापर्यंतही गेल्या नाहीत, कारण गेल्या असत्या तर परत येववलं नसतं.

नव्या शालेय वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुंगी आली. खुर्चीवर बसलीच नाही. डबा पुन्हा तसाच परत जातोय, असं तिच्या आईने कळवलं होतं. दाराची कडी धरून तिने विचारलं, "सर माझ्यामुळे गेले ना, बाई?"

तुला काय वाटतं, हे बाईंनी या वेळी विचारलं नाही.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "विषय बंद झाला तरी ते इथेच थांबणार होते. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी थांबा म्हटलं नाही. तुझा त्यात काही संबंध नाही. माझ्यामुळे गेले ते."

मुंगीने कडी सोडली, दप्तरातून डबा काढला आणि बाईंच्या समोर बसून खायला लागली. पहिल्या घासानंतर तिने डबा पुढे सरकवला, आणि बाईंनीही त्यातला एक घास उचलला.