पत्र्याची घडी

"अहो, किल्ली फिरवली तर साधा टक असा आवाजही येत नाही," आत्या गाडीतूनच म्हणाली.

आत्या आरोग्यकेंद्रात नर्स होती. मागच्या सीटवर लसींची थंड पेटी होती आणि डोंगरापलीकडच्या वस्तीत तान्ही बाळं घेऊन आया वाट बघत बसल्या होत्या. केंद्राची गाडी दुसरीकडे गेलेली, त्या रस्त्याला दुपारची बस नाही. पेटीतला बर्फ चारपर्यंत टिकणार होता. साडेबारा वाजले होते आणि रस्ता दीड तासाचा.

"बॅटरी मी कालच नवी बसवलीय, तिला हात लावू नका," आतोबा म्हणाले. "वायरिंग गेलं असणार. मेकॅनिक संध्याकाळी येतोय."

"संध्याकाळी येऊन तो काय बर्फ बनवणार आहे?" भिंगरी पुटपुटली.

सुट्टीसाठी आत्याकडे आलेल्या भिंगरीला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं, म्हणून तर ते नाव पडलं होतं. आत्ता तर तिने अंगणात येरझारा घालून धुरळा उडवला होता. तिचा धाकटा भाऊ टिल्लू दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून येत होता. फक्त शेजारची मैत्रीण शांत होती. सगळं मोजून-मापून बघायची, म्हणून तिला मोजपट्टी म्हणायचे. ती उघड्या बॉनेटपाशी वाकून कधीची काहीतरी न्याहाळत होती.

"तुझे आतोबा खोटं बोलताहेत का गं?" तिने भिंगरीला हळूच विचारलं.

"छे. पण सकाळपासून कुणाच्या नजरेला नजर देत नाहीयेत खरे."

मोजपट्टीने बॅटरीखालून एक पत्र्याची घडी काढली. पावडरच्या डब्याच्या झाकणाची असावी. गोलसर वाकलेली, एका कडेला काळी पडलेली.

"ही इथे कशाला?" टिल्लूने विचारलं.

"तेच. बॅटरीचा अधिकचा खुंट जाड असतो आणि उण्याचा बारीक. दोन्ही वायरींचे चिमटे आपापल्या खुंटाला बरोब्बर बसतात. मग पत्रा कुठे कोंबायचा?"

भिंगरीच्या येरझारा थांबल्या. "जाड चिमटा बारीक खुंटावर लावला, तर तो सैल बसेल."

"आणि बारीक चिमटा जाड खुंटावर ठोकून बसवावा लागेल. हा बघ, फाकलाय. वर ठोकल्याची खूणही आहे."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. टिल्लूला मात्र धीर कुठला! तो सरळ आतोबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आतोबा, काल तुम्ही बॅटरी आधी उलटी लावली होती ना?"

आतोबांनी कपाळ पुसलं.

"ठिणगी उडाली. एकच," ते म्हणाले. "लगेच काढली आणि सरळ लावली. म्हटलं, झालं, कशाला बोभाटा."

"आणि मी तासभर किल्ली फिरवतेय," आत्या म्हणाली. ती रागावली नाही, पण आतोबांना ते रागावण्याहून जड गेलं.

मोजपट्टी घरातून दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा छोटा बल्ब घेऊन आली. तिचे बाबा मिक्सर-पंखे दुरुस्त करायचे. बल्ब आत्याने धरला. बॅटरीच्या दोन्ही खुंटांना वायरी टेकवताच तो लख्ख पेटला. एक वायर मुख्य फ्यूजच्या पुढे टेकवली, तर अंधार.

"बॅटरी ठणठणीत आहे. वीज इथेच अडलीय," मोजपट्टी म्हणाली.

आतोबांनी आधी उण्याची वायर सोडवली आणि मग फ्यूज काढला. आतली पट्टी वितळून तुटली होती.

"एवढंच ना? तांब्याची तार गुंडाळतो," आतोबांना एकदम हुरूप आला.

"नको," भिंगरी आडवी आली. "पुन्हा गडबड झाली तर फ्यूजऐवजी सगळी वायर जळेल. आत्या घाटात असेल तेव्हा."

आतोबांचा हात खाली आला. जळका फ्यूज नमुना म्हणून मुठीत धरून भिंगरी सायकलवरून सुसाट निघाली. पहिल्या दुकानात तसा नव्हता, दुसरं जेवणासाठी बंद. तिने दुकानदाराच्या घराचं दार वाजवलं. तो हातातला घास ठेवून उठला आणि फ्यूजवरचा आकडा वाचून तस्साच काढून दिला.

पावणेदोनला गाडी सुरू झाली. टिल्लू नाचायला लागला, पण मोजपट्टी खिडकीतून आत वाकली.

"बॅटरीचा लाल दिवा विझत नाहीये. चार्जिंग होत नाही. उलट्या विजेने डायनामोही बिघडला असेल."

"नवी बॅटरी भरलेली आहे," आतोबा आता अगदी हळू बोलत होते. "दिवे, पंखा, रेडिओ, काही लावू नकोस. तिथे पोचेपर्यंत गाडी बंद करू नकोस. मी बरोबर येतो."

मग सव्वातीनपर्यंत कुणालाच चैन पडेना. टिल्लूने फोन हातातून सोडला नाही. भिंगरी फाटकापर्यंत किती वेळा गेली ते मोजपट्टीनेही मोजलं नाही. फोन वाजला.

"पोचलो," आत्या म्हणाली. "बर्फ आहे अजून. सतरा बाळं आहेत, ऐक." मागून एक बाळ टाहो फोडून रडत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी घरी परत आल्यावर मेकॅनिकने डायनामो उघडला, आतला जळका भाग बघितला आणि विचारलं, "निदान कुणी केलं?"

"या तिघांनी," आतोबा म्हणाले. "बिघाड मी केला होता. लपवलाही मीच."

मेकॅनिकने तिघांकडे बघितलं, सरकून जागा केली आणि म्हणाला, "या इकडे. जोडताना माझ्यावर लक्ष ठेवा."