रिकाम्या चौकटीतली ओळ

सकाळी दहाला चहा आणि साडेदहाला शिव्या, असा त्या कंपनीचा शिरस्ता होता. पुण्यातली गुडघ्याचे पट्टे विकणारी कंपनी ती. पण दिमाख असा, की जणू चंद्रावर यानं धाडतेय. त्या सोमवारच्या शिव्या वृंदा खटावकरच्या वाट्याला आल्या. जाहिरातीच्या ईमेलमधली चित्रं दिसेनाशी झाली की ती ठीक करणं हे तिचं काम, आणि कराडमधल्या अकराशे ग्राहकांना चित्राच्या जागी नुसती करडी चौकट दिसत होती. गुरुवारच्या मेलआधी हे निस्तर, असं कोठावळेसाहेबांनी तिला बजावलं.

ही चित्रं साधी नव्हती. मेल उघडताक्षणी यंत्र त्या एकट्या माणसासाठी नवं चित्र रचायचं. घरातल्या फोनांनी पुरवलेली माहिती आणि त्याच्याच माणसांचे चेहरे वापरून. तुमचीच बायको, तुमचाच जिना, आणि ती कळवळून कठडा धरून उभी. बघणाऱ्याच्या पोटात कालवलं की पट्टा खपला! वृंदाला या धंद्याची किळस यायची. पण सवय झाली की माणूस उकिरड्याशेजारीही जेवतो.

तिने नेहमीचे उपाय करून पाहिले. चित्र फार जड झालंय का, ते साठवलेली जागा बदललीय का, मेलसेवा अडवतेय का. सगळं ठाकठीक होतं. म्हणजे या लोकांनी आपल्या हातांनीच चित्रं बंद केली होती. कशासाठी, ते कळेना. तिने यादीतल्या पहिल्याच माणसाला फोन लावला. दिनकर बेंद्रे, एसटीच्या कार्यशाळेतले निवृत्त मेकॅनिक.

चित्रं मीच बंद केलीत, असं बेंद्र्यांनी शांतपणे सांगितलं. ज्येष्ठ नागरिक संघात बाकीच्यांनाही त्यांनीच शिकवलं होतं. चित्र बंद केलं की चौकटीत काही ओळी उमटतात, आणि त्या खऱ्या असतात म्हणे.

वृंदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दृष्टिहीनांना वाचून दाखवता यावं म्हणून प्रत्येक चित्राला लेखी वर्णन जोडावं लागे, आणि नव्या कायद्याने ते खोटं असून चालत नसे. चित्रात हव्या तेवढ्या थापा मारा, वर्णनात नाही. चित्र दिसत असेल तर वर्णन झाकलेलंच राहायचं, त्यामुळे कंपनीत ते कुणी कधी वाचलंच नव्हतं. यंत्र मात्र बिचारं, खरं काय आणि चित्र कशासाठी, हे इमानेइतबारे लिहीत होतं.

बेंद्र्यांनी आपल्या चौकटीतलं वाचून दाखवलं. "पत्नीचे बनावट चित्र. पत्नीचे गुडघे उत्तम आहेत. ती दर मंगळवारी एकटी रुग्णालयात जाते. पतीला माहीत नाही. पतीची काळजी वाढवणे विक्रीस अनुकूल."

शी! तिने फोन ठेवला आणि कंपनीकडची बेंद्र्यांच्या घरची नोंद उघडली. पत्नीच्या छातीत गाठ. शस्त्रक्रिया येत्या शुक्रवारी. सोबत कुणी नाही. एवढं सगळं ठाऊक असून या मेल्यांना पट्टा विकायचा होता! आणि परक्या बाईचं दुखणं आता आपणही चवीने वाचतोय, हे लक्षात येताच तिने नोंद मिटली.

तिने ते कोठावळेसाहेबांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. यांना लाज वाटली असावी, असं तिला क्षणभर वाटलं.

"वर्णनाचा रंग चौकटीसारखाच करडा करून टाक," ते म्हणाले. "कायदा खरं लिहा म्हणतो. दिसेल असं लिहा, असं कुठे म्हणतो?"

बुधवारी दुपारी तिने पुन्हा कराडला फोन लावला. उद्यापासून त्या ओळी दिसणार नाहीत, तेव्हा काकूंना आजच्या आज जवळ बसवून विचारा, असं तिने बेंद्र्यांना कळकळीने सांगितलं. नोंदीतलं मात्र तिच्या तोंडून बाहेर पडेना. जे त्या माउलीने नवऱ्यापासून लपवलं, ते सांगणारी आपण कोण?

"विचारलं की, ताई," बेंद्रे म्हणाले. "मंगळवारी भाजीला जाते म्हणाली. चाळीस वर्षांत माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही ती." मग त्यांचा आवाज उतरला. "तुमच्यासमोर सगळं लिहिलेलं असेल ना? मग तुम्हीच सांगा, मी बायकोचं खरं मानू, का पट्टे विकणाऱ्यांचं?"