टक् वाजेपर्यंत

गाडीखालून ती सरपटत बाहेर आली आणि थेट कुणाच्या तरी बुटांवर आदळली. वर पाहिलं तर एक अनोळखी, उंच माणूस. हातात नेमकं तिला हवं असलेलंच सॉकेट, नटावर बसणारी पान्याची वाटी.

"हेच शोधताय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"नट बघून," तो म्हणाला, आणि हसला.

झालं! तिच्या मनात पाल चुकचुकली. मामाच्या गॅरेजमध्ये उगाच हसणारं कुणी नव्हतं. त्यात हा नवा मिस्त्री उगवला तो तिची अब्रू गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

अब्रू गेली ती अशी. तिने बांधलेलं इंजिन परत आलं होतं. इंजिनाच्या वर एक जड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. त्याचे बोल्ट ढिले राहिल्याने इंजिन थंड ठेवणारं पाणी तेलात मिसळलं होतं. मामाने चारचौघांत सुनावलं, "आणखी एक परत येऊ दे, मग तू आणि ऑफिसातला फोन! इंजिनाला हात लावायचा नाही." सगळी गल्ली जिला मिस्त्रीण म्हणून ओळखते, ती फोन घेणार? छे! तिला रात्रभर रडू आवरलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून काम करू लागली. बोल्टचे आटे पुसायचे, कंपनीच्या पुस्तकात लिहिलं असेल तरच तेलाचा थेंब द्यायचा, कारण तेल लावलेला बोल्ट त्याच आकड्याला जास्त ताणला जातो. किती आवळायचं तो आकडा टॉर्क रेंचवर, म्हणजे तेवढा जोर आला की टक् वाजणाऱ्या पान्यावर, लावायचा. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं, तेही टप्प्याटप्प्याने. पान्याने टक् केलं की थांबायचं.

"किती नाजूक आवळता हो," नवा मिस्त्री एकदा शेजारून म्हणाला.

"पुस्तकात आहे तेवढंच. तुमचं इंजिन नाही का तिकडे?"

"आहे ना. पण तिथून दिसत नाही..."

"काय दिसत नाही?"

"काही नाही," म्हणत तो गेला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. चोराच्या मनात चांदणं, ती पुटपुटली. तरी त्याच्या पाठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, हे मात्र तिने स्वतःशीही कबूल केलं नाही.

मग टॅक्सीचं इंजिन आलं. हेड बसवून झाल्यावर तिने प्रत्येक बोल्टवरून खाली हेडपर्यंत पांढऱ्या पेनाने एकेक सरळ रेघ ओढली आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर काय, सगळ्या रेघा तुटलेल्या! एकूण एक बोल्ट आणखी आवळलेला. जास्त आवळला तर बोल्ट तुटतो, आणि तुटला की नाव तिचंच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या इंजिनाला हात लावलात?"

त्याने मान खाली घातली. "लावला. रोजच लावतो."

"लाज नाही वाटत? माझी जागा हवी म्हणून..."

"तुमचा पाना खोटा आहे," तो हळूच म्हणाला. "लवकर टक् करतो. मी प्रत्येक बोल्ट सैल करून माझ्या पान्याने परत बसवतो, बस्स."

"आणि तुमचा खरा कशावरून?"

"तपासा की."

तिने तपासलंच. पाना टेबलावरच्या व्हाइसच्या शिकंज्यात आडवा धरला, मुठीच्या जागी वजन टांगलं. त्याचा पाना नेमका हवं तेवढं वजन आल्यावर वाजला. तिचा मात्र त्याच्या निम्म्यालाच टक्! तिने पुन्हा टांगलं. पुन्हा टक्. तिचे हात बरोबर होते तर! डोळे भरून आले, आणि लगेच संशयही आला.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मामा त्याच पान्याने चाकांचे घट्ट नट उघडत होते. टॉर्क रेंच काय त्यासाठी असतो? बिघडणारच."

"आणि बोलला नाहीस?" 'तुम्ही' केव्हा गळून पडलं, तिला कळलंही नाही. "इतके दिवस मी स्वतःलाच शिव्या घालतेय, आणि तू..."

"तुमचं आणखी एक इंजिन परत आलं तर तुमच्या जागेवर म्हणूनच मामांनी मला बोलावलं होतं," तो म्हणाला. "चूक पान्याची आहे असं कळलं असतं तर तुमची जागा राहिली असती... आणि मला जावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं. तुमच्यामुळे. म्हणून इंजिनं सांभाळली आणि तोंड बंद ठेवलं. चुकलंच माझं."

"मामाला सांग. सगळं. का गप्प बसलास तेही."

त्याचा चेहरा उतरला. पण गेला. ऑफिसच्या काचेआड तो बोलत होता, मामा डोकं खाजवत होता, आणि ती पुसलेलाच बोल्ट पुन्हा पुन्हा पुसत होती.

मामा बाहेर आला तो ओशाळलेला. "माझंच चुकलं गं. इंजिनं तुझीच. पण इथे दोघांपुरतं काम नाही. याला आजच मोकळा करतो."

नव्या मिस्त्रीने आपला पाना पुसून पेटीत ठेवला. झाकण लावलं.

"थांब," ती म्हणाली. "मामा, गिअरबॉक्सची कामं आपण परत पाठवतो ना? ती घेऊ या. हा करेल."

"याच्यावर विश्वास आहे तुझा?"

"अजिबात नाही!" ती म्हणाली. "म्हणून तर नजरेसमोर हवाय... रोज. मला आवडतो तो, मामा."

पेटी त्याच्या हातातून सुटली आणि सगळी सॉकेटं गॅरेजभर घरंगळत गेली. दोघंही ती गोळा करायला एकदमच खाली वाकले.